भोकातले तांबे : डबल साइड पीसीबीची ओळख

डिप्लोमाच्या तोंडी परीक्षेत डबल साइड पीसीबीचे फायदे-तोटे विचारले की उत्तर ठरलेले असते. फायदा : कमी जागेत जास्त ट्रॅक. तोटा : खर्च जास्त. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत आणि त्यांना गुणही मिळतात. पण तेवढ्या माहितीवर चांगला बोर्ड आखता येत नाही, तपासणीत नापास झालेला बोर्ड का नापास झाला ते कळत नाही, आणि दुरुस्तीला आलेल्या बोर्डातला दोष सापडत नाही. हे पुस्तक त्या कामांसाठी लिहिले आहे. त्याची सगळी मांडणी एकाच गोष्टीभोवती आहे. डबल साइड बोर्डाच्या दोन्ही अंगांवरचे तांबे डोळ्यांना दिसते. दिसत नाही ते दोन अंगांना जोडणाऱ्या भोकांच्या भिंतीवरचे तांबे. या बोर्डाचे बहुतेक गुण त्या भिंतीमुळे येतात आणि बहुतेक दुखणीही तिथेच सुरू होतात.

एका बाजूने का भागत नाही, ते आधी पाहू. कोड्यांच्या पुस्तकांत एक जुने कोडे असते. तीन घरे आहेत; पाणी, गॅस आणि वीज पुरवणारी तीन केंद्रे आहेत. प्रत्येक घर प्रत्येक केंद्राशी जोडायचे, पण एकही रेघ दुसरीला ओलांडता कामा नये. कागदावर कितीही खटपट केली तरी नववी रेघ अडते. ती अडणारच, हे गणिताने सिद्ध आहे. अशा न सुटणाऱ्या जाळ्यांचे मूळ कशात असते, ते पोलिश गणिती कुरातोव्हस्की यांनी १९३० साली दाखवून दिले. सिंगल साइड बोर्ड आखणारा माणूस रोज याच कोड्याशी झटतो. त्याला थोडी सवलत असते : रेझिस्टर वर बसतो आणि तांबे खाली असते, म्हणून रेझिस्टरच्या पोटाखालून ट्रॅक काढता येतो. तेही जमले नाही तर जंपर मारायचा. जुन्या टीव्हीच्या फिनॉलिक बोर्डांवर उघड्या तारेचे किती जंपर असत, ते जुन्या मेकॅनिकांना चांगले आठवत असेल. रिमोट, साधा चार्जर, एलईडी बल्ब इथवर एका बाजूवर काम निभते. पण चौदा-सोळा पायांच्या आयसी शेजारीशेजारी आल्या, प्रत्येकीला पुरवठा आणि ग्राउंड पोचवायचे झाले, की जंपरच जास्त आणि ट्रॅक कमी अशी अवस्था होते. दुसरी बाजू मिळाली आणि हवे तिथे भोक पाडायची मुभा मिळाली की हे कोडे सुटते. आडवी येणारी रेघ भोकातून खाली जाते आणि पलीकडे पुन्हा वर येते. जागा पुरेशी असेल तर कुठलेही सर्किट दोन थरांत बसवता येते.

छापील सर्किटांच्या इतिहासात व्हिएन्नात १९०७ साली जन्मलेल्या पॉल आयस्लर यांचे नाव पहिले घेतले जाते. हा अभियंता १९३६ मध्ये इंग्लंडला गेला. तिथे संगीताच्या नोटेशनची छपाई करणाऱ्या एका जुन्या संस्थेत त्याला आधार मिळाला आणि १९४३ मध्ये त्याने आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तांब्याचा पत्रा चिकटवायचा, हवा तो आराखडा त्यावर छापायचा आणि उरलेले तांबे रसायनाने खाऊन टाकायचे : आजही आपण मुळात हेच करतो. लोकांचा विश्वास बसायला मात्र वेळ लागला. अमेरिकेत झेनिथ कंपनी आपले टीव्ही हाताने वायरिंग केलेले आहेत, अशी जाहिरात कितीतरी वर्षे करत होती. त्या शंकेला आधार होता. तेव्हाचे बोर्ड बहुधा एका बाजूचे असत आणि जड भागांच्या पायांभोवतीचे सोल्डर तडकत असे. दोन बाजू जोडायच्या तर भोकात पितळी आयलेट ठोकून दोन्हीकडून सोल्डर करत. आयलेट आणि तांब्याचा पॅड यांच्यातला सांधा तापमानाच्या चढउताराने सैल होई. भोकाच्या भिंतीवरच तांबे चढवण्याची रीत कारखान्यांत रुळली, तेव्हा डबल साइड बोर्डावर भरवसा ठेवता येऊ लागला. आपल्याकडचे कारखानदार अशा बोर्डाला ‘पीटीएच’ (प्लेटेड थ्रू होल) म्हणतात आणि भोकात तांबे नसलेल्याला ‘नॉन-पीटीएच’. ऑर्डर देताना हा एक शब्द राहिला तर हाती येणारा माल वेगळाच असतो.

हे तांबे भिंतीवर चढते कसे, यावर एक सबंध प्रकरण दिले आहे, कारण ते कळले की पुढचे अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. नेहमीचा बोर्ड १.६ मिलिमीटर जाडीचा, काचेचे कापड आणि इपॉक्सी यांचा, दोन्ही अंगांवर ३५ मायक्रॉन तांबे असलेला. ड्रिल फिरला की भोकाची भिंत उघडी पडते आणि ती असते काच आणि इपॉक्सी यांची. त्यातून वीज वाहत नाही. विजेच्या साहाय्याने तांबे चढवायचे तर पृष्ठभाग आधी वीज वाहणारा हवा. म्हणून पहिला पातळ थर विजेशिवाय, निव्वळ रसायनाने बसवावा लागतो. ड्रिलच्या उष्णतेने भिंतीवर फासले गेलेले इपॉक्सी परमँगनेटने साफ करतात, भिंतीवर पॅलॅडियमचे सूक्ष्म कण बसवतात, आणि मग फॉर्मल्डिहाइड असलेल्या तांब्याच्या द्रावणात बोर्ड बुडवतात. पॅलॅडियमच्या कणांवर तांबे धरू लागते. एवढा थर बसला की पुढचे काम कॉपर सल्फेटच्या टाकीत विजेने होते आणि भिंत साधारण २० ते २५ मायक्रॉनपर्यंत जाड होते. यांतली एक पायरी जरी घाईत उरकली तरी वरून बोर्ड चकचकीतच दिसतो. भोक जितके अरुंद आणि खोल, तितके त्याच्या मध्यावर तांबे कमी पोचते. १.६ मिलिमीटर जाडीच्या बोर्डात ०.३ मिलिमीटरचे भोक म्हणजे खोली रुंदीच्या पाचपटीहून जास्त. म्हणून आखणी करताना विनाकारण बारीक व्हाया (दोन अंगांना जोडणारे भोक) टाकू नये, असे मी विद्यार्थ्यांना आग्रहाने सांगतो. जागा असेल तर ०.५ किंवा ०.६ चे भोक घ्या. कारखान्याचे काम सोपे होते आणि बोर्ड जास्त टिकतो.

आता गुणांकडे. सगळ्यात कमी बोलला जाणारा गुण मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि तो म्हणजे सांध्याची ताकद. सिंगल साइड बोर्डावर पाय धरून ठेवतो तो एकाच अंगावरचा सोल्डरचा छोटा शंकू आणि खाली चिकटवलेला पॅड. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत ईएचटी ट्रान्सफॉर्मरच्या पायांभोवती गोल चीर पडायची, ती याच कारणाने. भाग जड, रोज तापणार आणि निवणार, आणि पकड एकाच बाजूची. पीटीएच बोर्डात वितळलेले सोल्डर भोकातून चढून वरच्या पॅडपर्यंत जाते; पाय सगळ्या जाडीभर धरला जातो. कनेक्टर, रिले, ट्रान्सफॉर्मर, सतत हलणारी वाहने आणि पंपांवरची उपकरणे यांसाठी डबल साइड घ्यायला हे एकच कारण पुरेसे आहे, ट्रॅक एका बाजूवर मावत असले तरीही.

दुसरा गुण उष्णतेचा. तापणाऱ्या आयसीखाली भोकांची रांग घातली की उष्णता खालच्या तांब्यात उतरते आणि तिथून पसरते. प्रवाहाचेही तसेच : एकच जाड ट्रॅक दोन्ही अंगांवर घेतला आणि भोकांनी जोडला तर वाहण्याची क्षमता वाढते. मात्र हिशेब भोकांचाही करावा लागतो. ०.३ मिलिमीटरच्या व्हायाला ढोबळमानाने एक अँपिअर धरावा. वर पाच अँपिअरचा रुंद ट्रॅक, खाली तितकाच रुंद ट्रॅक आणि मध्ये एकुलते एक बारीक भोक, असे बोर्ड अजूनही हातात येतात.

तिसरा गुण ग्राउंडचा. यावर या पुस्तकातली सर्वांत लांब चर्चा आहे, कारण नवीन माणसाचे बोर्ड इथेच फसतात. वेगाने बदलणारा सिग्नल ट्रॅकमधून जातो तेव्हा त्याच्या परतीच्या प्रवाहाला त्या ट्रॅकच्या अगदी खालून यायचे असते. खाली अखंड तांबे असेल तर तो येतो, जाण्या-येण्याच्या वाटांमधले वर्तुळ लहान राहते, आणि बोर्ड ना आजूबाजूला उपद्रव देतो ना बाहेरचा घेतो. त्या तांब्याला मध्येच लांब खाच पडली की परतीचा प्रवाह वळसा घालून येतो, आणि तो वळसा अँटेनासारखा वागतो. एका अंगावर सगळे ट्रॅक आडवे आणि दुसऱ्यावर सगळे उभे हा नियम अजूनही अनेक ठिकाणी शिकवला जातो. लांबट आयसींच्या ओळीच्या ओळी आणि कूर्मगतीचे सिग्नल यांच्या काळात तो सोयीचा होता. आज तो पहिला नियम म्हणून शिकवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्यामुळे खालचे अंग उभ्या रेघांनी चिरले जाते आणि ग्राउंडच्या नुसत्या पट्ट्या उरतात. भागांची जागा विचारपूर्वक ठरवा, शक्य तितके ट्रॅक वरच्या अंगावर बसवा, खालचे अंग ग्राउंडसाठी राखा, आणि नाइलाज असेल तिथे खालून आखूड उडी घ्या. ऑटोराउटरला हे समजत नाही. त्याला फक्त सगळ्या जोडण्या पूर्ण करायच्या असतात. १६ मेगाहर्ट्झवर चालणारा आर्डुइनो उनो हा दोनच थरांचा बोर्ड आहे आणि त्याची आखणी सर्वांसाठी खुली आहे. तो कीकॅडसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याचे ग्राउंड कुठून कसे गेले आहे ते न्याहाळण्यात वेळ घालवला, तर तो वाया जात नाही.

तरी दोन थरांची मर्यादाही इथेच कळते. वरचा ट्रॅक आणि खालचे ग्राउंड यांत १.६ मिलिमीटर अंतर असते. अँटेनाकडे जाणारा ५० ओहमचा ट्रॅक या जाडीवर सुमारे ३ मिलिमीटर रुंद घ्यावा लागतो. चार थरांच्या बोर्डात ग्राउंड ०.२ मिलिमीटरवर असेल तर तेच काम ०.३५ मिलिमीटरच्या आसपास होते. ट्रॅकच्या दोन्ही बाजूंना ग्राउंड आणून किंवा ०.८ मिलिमीटर जाडीचा बोर्ड घेऊन काही प्रमाणात वाट निघते. सगळीकडे ती निघत नाही.

आता भोक फुटते कसे ते पाहू. इपॉक्सी आणि काचेचा हा पत्रा लांबी-रुंदीत फारसा फुगत नाही, कारण काचेचे कापड त्याला धरून ठेवते. जाडीच्या दिशेने मात्र त्याला धरणारे काही नसते. ढोबळ हिशेब करू. साध्या प्रतीचा बोर्ड खोलीच्या तापमानापासून सोल्डरिंगच्या सुमारे २४५ अंशांपर्यंत नेला, तर १.६ मिलिमीटरची जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास वाढू पाहते. तेवढ्याच उंचीची तांब्याची नळी स्वतःहून जेमतेम ६ मायक्रॉन वाढते. उरलेला सगळा ताण तिला सोसावा लागतो. भिंत २५ मायक्रॉनची आणि चिवट असेल तर ती ताणली जाते आणि टिकते. मध्यावर दहा-बाराच मायक्रॉन तांबे असेल तर केसासारखी चीर पडते. शिशाच्या जुन्या सोल्डरचे नेहमीचे मिश्रण १८३ अंशांना वितळत असे. युरोपच्या नियमांनंतर, म्हणजे १ जुलै २००६ पासून, जे बिनशिशाचे सोल्डर सर्वत्र आले ते सुमारे २१७ अंशांना वितळते. या तीस-पस्तीस अंशांची किंमत भोकांनी मोजली.

या चिरेचे लक्षण ओळखून ठेवावे. बोर्ड थंड असताना व्यवस्थित चालतो, तापला की बंद पडतो, निवला की पुन्हा सुरू होतो. चिरेची दोन टोके थंडपणी एकमेकांना टेकलेली असतात, म्हणून कारखान्यातली बीबीटी (भाग बसवण्याआधीच्या कोऱ्या बोर्डाची) तपासणी तो पास करून सोडते. दुरुस्ती करणाऱ्याने मीटरचे एक टोक वरच्या पॅडवर आणि दुसरे खालच्यावर धरून त्या भागावर गरम हवा सोडावी. सापडलेल्या भोकातून बारीक तार ओवून दोन्ही अंगांना सोल्डर केली की काम भागते.

दुरुस्तीच्या बाबतीत मी डबल साइड बोर्डाचा पक्का कैवारी आहे, आणि ते का, हे सांगायला हवे. चार किंवा सहा थरांच्या बोर्डात आतल्या ट्रॅकचा माग काढता येत नाही. डबल साइड बोर्ड दिव्यासमोर धरला, उलटून पाहिला, की धीर असलेल्या माणसाला सबंध सर्किट कागदावर उतरवता येते. बाजारात नकाशा न मिळणाऱ्या यंत्रांची कार्डे पुण्याच्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर सुटे भाग घेऊन दुरुस्त होतात, ती या वाचता येण्याजोग्या तांब्यामुळे. पण भाग काढताना इथे सिंगल साइडची सवय चालत नाही. सोल्डर भोकभर भरलेले असते, शिवाय एखादा पाय ग्राउंडच्या मोठ्या पसाऱ्याशी जोडलेला असला तर डागणीची सगळी उष्णता तोच पिऊन टाकतो. जोर लावून ओढले की पायाबरोबर भोकाची नळीच उपसून येते आणि वरच्या अंगाचा संबंध तुटतो. आयसी खराबच असेल तर आधी तिचे पाय कापावेत, एकेक पाय गरम करून काढावा आणि मग भोक साफ करावे. बुजलेल्या भोकात ड्रिल कधीही घालू नये. एका बाजूच्या बोर्डात त्याने काही बिघडत नाही, इथे आतले तांबेच खरवडले जाते.

घरी फेरिक क्लोराइडमध्ये बोर्ड बनवणाऱ्यांसाठी वेगळे प्रकरण आहे. तिथे भोकात तांबे नसणार हे गृहीत धरूनच आखणी करावी लागते. दोन अंगांचे आराखडे जुळवण्यासाठी कोपऱ्यांत आधी भोके पाडून घ्यावीत. त्याहून मोठी अडचण अशी की आयसीचा सॉकेट, रिले किंवा कनेक्टर बसल्यावर त्याखालच्या वरच्या पॅडला डागणी लागतच नाही. म्हणून अशा भागांना मिळणारे ट्रॅक खालच्याच अंगावर आणावेत आणि दोन अंगांच्या जोडण्या मोकळ्या जागेत, तारेचा तुकडा ओवून कराव्यात. बोर्ड बनून आल्यावर हे सुचले तर उपयोग नसतो.

मेन्सच्या विजेशी संबंध येतो तिथे डबल साइड बोर्ड जास्त काळजी मागतो. शेतीपंपाच्या ऑटो स्विचचे उदाहरण घ्या. एका कोपऱ्यात तीन फेजची वीज, शेजारी मायक्रोकंट्रोलर आणि मोबाइलचे मॉड्यूल, पेटी विहिरीच्या काठावरच्या खोलीत, पावसाळ्यात दमट हवा आणि वर्षभर धूळ. दोन विभागांत दोन्ही अंगांवर निदान ६ ते ८ मिलिमीटर तांबेविरहित पट्टा सोडावा. सॉफ्टवेअरने उरलेली जागा आपोआप ग्राउंडने भरली की वरचे तांबे नकळत रिलेच्या पायांजवळ सरकते. खाली अंतर नीट राखलेले असते आणि वर ते गेलेले असते. क्रिस्टलचे धातूचे आवरण किंवा हीट सिंकचा तळ वरच्या ट्रॅकला, व्हायाला टेकणे हाही खास या बोर्डाचा दोष. सोल्डर मास्कच्या हिरव्या रंगाला इन्सुलेशन समजू नये. असे बोर्ड शेतात जाणार असतील तर धुऊन, वाळवून त्यांवर संरक्षक लेप द्यावाच.

तोट्यांच्या यादीत सहसा न येणारी एक बाब मला इथे ठामपणे मांडायची आहे. भोकात तांबे चढवण्याच्या टाकीतले फॉर्मल्डिहाइड हे माणसात कर्करोग घडवणारे द्रव्य आहे, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. सिंगल साइड बोर्डाला ही टाकी लागतच नाही. कार्बनचा किंवा ग्रॅफाइटचा थर देऊन भिंत वीजवाहक करण्याची पर्यायी रीत उपलब्ध आहे. जुनी टाकी चालवायचीच असेल तर हवा ओढून घेणारी यंत्रणा, हातमोजे आणि सांडपाण्यातल्या तांब्याचे शुद्धीकरण यांत काटकसर होता कामा नये. औद्योगिक वसाहतींतल्या लहान कारखान्यांत त्या टाकीजवळ आठ-आठ तास उभी राहणारी माणसे याच पुस्तकाची वाचक आहेत, आणि त्यांना हे त्यांच्या भाषेत माहीत असले पाहिजे.

एक गल्लत आधीच दूर करतो. दोन्ही अंगांवर तांबे असणे आणि दोन्ही अंगांवर भाग बसवणे या वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्हीकडे सरफेस माउंट भाग बसवले की बोर्ड भट्टीतून दोनदा जातो. दुसऱ्या फेरीत खाली लटकणारे हलके भाग वितळलेल्या सोल्डरच्या पृष्ठताणाने टिकून राहतात. जड भाग पडू शकतात, म्हणून त्यांना गोंद लावावा लागतो किंवा ते एकाच अंगावर ठेवावे लागतात. जोडणीचा खर्च यामुळे बराच वाढतो. तांबे दोन्हीकडे आणि भाग एकीकडे, हा बहुतेक कामांसाठी स्वस्त आणि समंजस मेळ आहे.

वॉल्टर बॉशार्ट यांचे या विषयावरचे इंग्रजी पुस्तक १९८३ मध्ये आपल्याकडे निघाले आणि अनेक तुकड्या त्यावर शिकल्या. तेव्हा आराखडे पारदर्शक फिल्मवर टेप चिकटवून होत. आता आराखड्याची गर्बर फाइल पाठवली की काही दिवसांत बोर्ड दारात येतो. सोय वाढली तसा कारखाना आखणी करणाऱ्याच्या नजरेआड गेला. भोसरी, अंबड, वाळूज इथल्या कारखान्यांतल्या कामगारांकडे जी जाण आहे ती तोंडी फिरते. ती लिहून ठेवणे हा या पुस्तकाचा निम्मा हेतू आहे.

दोन थर सोडून चार थरांकडे केव्हा जावे, हे शेवटच्या प्रकरणात आहे. ज्या आयसीचे सगळे पाय पोटाखाली गोळ्यांच्या ओळींत आहेत आणि आतल्या ओळींना बाहेर यायला वाट नाही, जिथे डीडीआर मेमरी आहे, जिथे ग्राउंड अखंड ठेवायचा प्रत्येक प्रयत्न फसतो आहे, तिथे दोन थरांचा हट्ट धरू नये. कमी संख्येच्या ऑर्डरीत दोन आणि चार थरांच्या किमतींतले अंतरही आता पूर्वीइतके राहिलेले नाही. त्याअलीकडे मात्र फार मोठा प्रदेश आहे : वीजमीटर, पंपांचे नियंत्रक, वजनकाटे, इन्व्हर्टर, गाड्यांचे चार्जर, प्रयोगशाळेतली उपकरणे. पहिले प्रकरण वाचायला घेताना एखादा बंद पडलेला पीटीएच बोर्ड, करवत आणि बारीक पॉलिश पेपर जवळ ठेवावा. भोकांच्या एका रांगेच्या मधोमध बोर्ड कापून कड घासली आणि भिंगाखाली धरली, की पुढच्या पानावरची पहिली आकृती प्रत्यक्ष पाहता येते.